खिडकीकडची जागा

गागोदे बुद्रुकच्या हरेशला सर्व्हेच्या कंपनीत चिकटवलं ते त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, नूतनच्या नवऱ्याने. हे दाजी, अष्टमीचे पोपटराव, तिथे सीनियर होते. नकाशा वाचण्यापासून सगळं काम त्यांनीच शिकवलं. हरेश त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही.

शहाण्णव साली कंपनीने दोघांना विमानाने भावनगरला धाडलं. सोबत नवंकोरं जीपीएस होतं, मुठीत मावणारं. आपण नेमके कुठे आहोत ते उपग्रहांवरून सांगणारं. विमान वर गेल्यावर दाजी म्हणाले, "चालू कर. बघू तरी किती उपग्रह सापडतात."

"चालंल का? विमानात असलं काय लावू देत नाय म्हणतात."

"मी विचारलंय निघताना. खिडकीच्या काचेला धर."

हरेशने धरलं. पडद्यावर आकडे उमटले, भराभर बदलायला लागले. दोघंही डोकं जुळवून बघत राहिले. तेवढ्यात विमानातली बाई आली, पाठोपाठ तिचा वरिष्ठ. हे कुणाच्या परवानगीने लावलं, त्याने विचारलं. हरेशने दाजींकडे पाहिलं.

"मी नको म्हणालो होतो," दाजी म्हणाले. "ऐकलं नाही त्याने."

उतरल्यावर विमानतळावर हरेशचा जबाब घेतला, यंत्र ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी कंपनीने त्याला घरी बसवलं.

आठवड्याने नूतन माहेरी आली. पिशवीतून टाइप केलेला माफीनामा काढून तिने त्याच्यापुढे ठेवला. 'वरिष्ठांनी मनाई केली असतानाही' असं त्यात होतं.

"सही कर. हे साहेबांशी बोलतील, परत घेतील तुला."

हरेशने तिला झालं ते सगळं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती.

"ते म्हणालेच होते," ती म्हणाली, "तू असंच सांगशील म्हणून."

दाजी त्या वेळी घाबरले असतील, अशी हरेश इतके दिवस मनाची समजूत घालत होता. पण हे घाबरून केलेलं नव्हतं. घरी निवांत बसून त्यांनी नूतनचे कान आधीच भरून ठेवले होते.

त्याने कागद तसाच परत दिला.

"जेवून तरी जा गो," आई म्हणाली. नूतन थांबली नाही, दुपारच्या एसटीने गेली.

पुढे हरेशने वडखळला एका कंत्राटदाराकडे काम धरलं. त्या वर्षी भाऊबीजेला तो अष्टमीला गेला नाही, आणि नूतननेही निरोप धाडला नाही.