क्षितिजाचा तारा आणि माझी चाळणी

मी इंजिनियर, श्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेनला नोकरीला. बायको क्षितिजा डार्मश्टाटला पीएच.डी. करते, त्यामुळे आमचा संसार शनिवार-रविवारचा. तिचा एक तारा आहे, सूर्याहून कितीतरी तापलेला. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्राचं जबर कवच असणार, आणि तारा फिरताना दर फेरीला रेडिओचा एक झटका आपल्याकडे येणार, असं तिचं म्हणणं. त्या झटक्यावरून ती कवच मोजणार होती.

दुर्बिणीत मोबाइल, रडार, विमानं यांचाही गोंगाट शिरतो. तो चाळून काढायचा प्रोग्रॅम मीच लिहून दिला.

"यशू, यात माझे झटके तर जाणार नाहीत ना रे?"

"अगं, माझ्यावर सोड!" काय ती माझी ऐट!

तीन वर्षं तारा गप्प. शेवटी तिने हात टेकले. येत्या सोमवारी प्रोफेसरांना 'सोडते' म्हणून सांगायचं आणि श्टुटगार्टला माझ्याकडे राहायला यायचं, असं ठरलं. ती रडली. मी समजूत घातली आणि मनात पेढे वाटले. खोटं कशाला बोलू?

गेल्या शनिवारी डिस्क रिकामी करताना चाळणीवरचा कोंडा, म्हणजे प्रोग्रॅमने गोंगाट म्हणून काढलेला भाग, सहज उघडला. बघतो तर झटके! ताऱ्याच्या प्रत्येक फेरीला, नेमक्या त्याच जागी. मोबाइल काही ताऱ्याच्या तालावर वाजत नाही. तिचा तारा मीच फेकून दिला होता. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "चल रे, नव्या खोलीचे पडदे बघू." आणि मी, मेला, गेलो तिच्याबरोबर.

आठवडाभर सांगणं टाळलं. आज रविवार. चहा तसाच ठेवून तिच्यापुढे लॅपटॉप सरकवला. "क्षितू, तुझा तारा बोलतोय गं. माझ्याच प्रोग्रॅमने त्याचं तोंड दाबलं होतं."

ती बघत राहिली. मग किंचाळून माझ्या गळ्यातच पडली. "गाढवा! अरे गाढवा! आहे रे, आहे!" हसत होती, रडत होती. मला वाटलं, सुटलो.

मग तिचे हात सैल झाले. "कधी सापडलं तुला?"

"गेल्या शनिवारी."

"पडद्यांच्या आधी?"

"हो."

तिने डार्मश्टाटची पुढची गाडी बघितली, बॅग भरली. स्टेशनपर्यंत येऊ का, मी विचारलं.

"नको, यशोधन," ती म्हणाली.