टेबलानं ऐकलेलं मौन

संशोधन इमारतीत डबा खायची खोली एकच होती, आणि तिच्यामुळेच तिथली माणसं एकमेकांना ओळखत होती. एरवी तळमजल्यावर सिमेंटचे ठोकळे चिरडून त्यांची ताकद मोजणाऱ्यांना, वरच्या मजल्यावर बसच्या रांगेत कोण कोणाला पुढे जाऊ देतं याचा अभ्यास करणाऱ्यांशी काय देणंघेणं? मधल्या मजल्यावर कोणी दगडावरचं शेवाळ वाढवत होतं, कोणी दुधातले जंतू मोजत होतं. एक जण वर्षानुवर्षं वाळूचा ढीग रचायचा आणि तो कधी ढासळतो ते बघत बसायचा. जेवताना प्रत्येक जण दुसऱ्याचं काम ऐकून मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, बरं आहे बुवा यांचं.

खिडकीजवळची तीन खुर्च्यांची जागा ठरलेली होती. एका खुर्चीवर वहिनी बसायची. ती ध्वनी-अभियांत्रिकीत होती. कारखान्याच्या गोंगाटात माणसाचा आवाज वेगळा कसा काढायचा, हा तिचा विषय. दुसरी खुर्ची तिच्या नणंदेची. ही समाजशास्त्रात, चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेटला बसलेली. दिवसभर लोकांना प्रश्न विचारत फिरते म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणत, आणि आता घरीही तेच नाव पडलं होतं. तिसऱ्या खुर्चीवर किडेमास्तर. लाकूड पोखरणारे भुंगेरे हे त्यांचं आयुष्य होतं.

"काय मास्तर, काय म्हणतायत तुमचे?" चौकशीबाई विचारायची.

"खातायत," मास्तर डबा उघडत म्हणायचे.

चौकशीबाईचा प्रबंध वृद्धाश्रमातल्या माणसांवर होता. तिथल्या हॉलमध्ये एक जाडजूड जुनं टेबल होतं. त्या टेबलाशी एकेकाला बसवून ती बोलतं करायची आणि सगळं रेकॉर्ड करून घ्यायची. जेवण कसं आहे, झोप लागते का, असं विचारलं की उत्तर चटकन यायचं. पण "इथं यायचं कोणी ठरवलं?" असं विचारलं की बहुतेक जण थांबायचे. कोणी चष्मा पुसायचं, कोणी नुसतंच बघत राहायचं, आणि मग म्हणायचं, "मीच." तिला ते थांबणं मोजायचं होतं. शब्दांत सगळे आपल्या मर्जीनं आलेले होते. ते खरं किती, हे त्या थांबण्यात आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

हॉलमध्ये पंख्याची घरघर फार. त्यामुळे कोण कधी थांबलं आणि कधी बोलायला लागलं, ते नीट कळेना. तिनं वहिनीला गळ घातली, "एवढं साफ करून दे ना."

वहिनीनं आठवडाभरात सगळं साफ करून दिलं. आवाज असा लख्ख की म्हाताऱ्यांच्या कवळीची टकटक ऐकू यावी. चौकशीबाईनं दोन-चार ठिकाणी सुरुवात ऐकून पाहिली आणि खूश झाली. मूळ रेकॉर्डिंग ठरल्या मुदतीत पुसून टाकायचं, असा विद्यापीठाच्या समितीचा नियम होता. तो तिनं पाळला. वहिनीच्या कामात चूक निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं, मग तपासत कोण बसणार?

चौकशीबाई मोजायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "इथं यायचं कोणी ठरवलं?" "मीच." प्रश्नाला चिकटून उत्तर. पुढच्या माणसाचं तसंच. त्याच्या पुढच्याचंही.

ती तशीच जिना उतरून वहिनीच्या खोलीत गेली.

"वहिनी, ही माणसं थांबतच नाहीत."

"कुठं थांबत नाहीत?"

"कुठंच. मधली जागा कुठं गेली?"

वहिनीनं कानावरचे हेडफोन काढले. तिच्या कामात, जिथं कोणी बोलत नाही ती जागा रिकामी. रिकामी जागा छाटून टाकायची, म्हणजे फाईल हलकी होते. हे ती सांगावं न लागता करायची, जसं भाजी निवडताना देठ मोडावेत. या वेळीही केलं होतं.

"छाटली," ती हळूच म्हणाली. "मूळ आहे ना तुझ्याकडं?"

"पुसलं."

वहिनीनं हेडफोन टेबलावर ठेवले. मग चौकशीबाई म्हणाली, "रोज सकाळी तासभर मौन पाळतेस तू. घरात कुकरची शिट्टी झाली तरी तोंड उघडत नाहीस. आणि माझ्या म्हाताऱ्यांचं मौन तुला रिकामी जागा वाटली?"

दुसऱ्या दिवशी वहिनीचं सकाळचं मौन झालं, पण जपात मन लागलं नाही. माळ ओढत राहिली आणि मणी कितवा ते तिला कळेना. दादानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोघींचे चेहरे बघून चहा स्वतःच केला आणि पेपरमागे लपला.

पुन्हा मुलाखती घेता आल्या असत्या, पण उत्तर एकदा देऊन झालेलं. दुसऱ्यांदा कोणी तसं थांबत नाही, हे चौकशीबाईला ठाऊक होतं. थांबण्याशिवाय तिचा प्रबंध एवढंच सांगत होता की सगळे आनंदानं आले. ते तिला लिहायचं नव्हतं.

त्या आठवड्यात खिडकीजवळ कोणी फारसं बोलत नव्हतं. शेवटी किडेमास्तरांनाच अवघड झालं. ते आपलं गाऱ्हाणं सांगू लागले. चौकशीबाईच्याच सांगण्यावरून ते वृद्धाश्रमात गेले होते. तिथल्या लाकडी सामानाखाली भुसा पडत होता. त्यांनी त्या मोठ्या टेबलाखाली बटणाएवढं यंत्र चिकटवलं होतं. आतला भुंगेरा लाकूड कुरतडतो त्याचा थरथराट ते रात्रंदिवस टिपून ठेवायचं.

"रात्रीचं उत्तम येतं," मास्तर म्हणाले. "दुपारचं मात्र निम्मं वाया. कोणीतरी टेबलाशी बसून तास तास बोलतं. माणूस बोलला की लाकूड हलतं, आणि माझा भुंगेरा त्यात बुडतो. तेवढा भाग मी सोडून देतो."

वहिनीचा हात डब्यातच राहिला. "सोडून देता म्हणजे पुसता?"

"छे. पुसायचा कंटाळा. पडून आहे सगळं."

"मास्तर," चौकशीबाई म्हणाली, "तास तास बोलणारी ती मीच."

मास्तरांनी घास गिळला. "तुम्ही त्याच टेबलाशी बसता होय? मी आपला वर्षभर मनात शिव्या देतोय."

टेबलाच्या थरथराटात शब्द कळत नव्हते. नुसता घुमल्यासारखा आवाज होता, भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसा. पण बोलणं कुठं सुरू झालं आणि कुठं थांबलं, ते स्पष्ट दिसत होतं. वहिनीनं साफ केलेल्या आवाजातला एकेक शब्द त्या थरथराटाशी जुळवला, आणि शब्द जुळत गेले तशा मधल्या जागा पुन्हा उघडत गेल्या. या कामाला तिनं कोणाला हात लावू दिला नाही. झाल्यावर नणंदेला बोलावलं आणि एकच तुकडा ऐकवला. "इथं यायचं कोणी ठरवलं?" मग काहीच नाही. मग, "मीच."

चौकशीबाईनं डोळे पुसले. "चहा पाजते तुला," ती म्हणाली, आणि तिथून थेट आपल्या गाईडबाईंकडे गेली.

गाईडबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची सवय अशी की आनंदाच्या बातमीतही त्या आधी कुसळ शोधायच्या.

"संमती त्या माणसांनी तुझ्या रेकॉर्डरला दिली होती," त्या म्हणाल्या. "टेबलाला नाही."

"पण बाई, बोलणं तेच आहे."

"मग जा आणि विचार. जो नाही म्हणेल त्याचं पुसायचं."

मास्तरांनाही यावं लागलं, कारण यंत्र त्यांचं. ते वाटेत सारखं म्हणत होते, "मी कोणाचं ऐकलं नाही हो. मला ती खरखरच वाटली."

हॉलमध्ये बातमी पसरली तेव्हा आधी हसू झालं. टेबल ऐकत होतं म्हटल्यावर एका आजोबांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या सुनेला नेऊन द्या एक." बहुतेकांनी हरकत घेतली नाही. उरले दोघं. त्यांतल्या एक ऑपरेटरआजी.

या आजी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. केस बारीक कापलेले, आवाज अजून फोनवर बोलल्यासारखा नेमका. त्या म्हणाल्या, "आधी ऐकव."

चौकशीबाईनं ऐकवलं. आजींचं थांबणं सगळ्यांत मोठं होतं. त्यांनी ते पुरतं ऐकलं.

"यावरून तू काय लिहिणार?"

"की जिथं माणूस थांबतो, तिथं मनातलं उत्तर वेगळं असतं."

"म्हणजे मी खोटं बोलले."

"असं नाही, आजी, म्हणजे..."

"असंच आहे. गोड करून सांगू नकोस, मला मधुमेह आहे."

मास्तर छताकडे बघू लागले.

"मी का थांबले ते विचारलंस त्या वेळी?"

"मधे बोलायचं नाही असा आमचा नियम असतो."

"चांगला नियम आहे. आणि नंतर?"

"नंतर पुढचा प्रश्न होता," चौकशीबाई म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

आजी थोड्या मवाळ झाल्या. "बस. मुलगा मला जा म्हणाला नव्हता. सून तर निघताना रडली, अगदी खरं रडली. पण दोघं घरात हळू आवाजात बोलायला लागली होती. मला त्रास नको म्हणून. त्यांना काय माहीत, माझे कान कसल्या कामात तयार झालेत ते. मीच म्हटलं, जाते. तेव्हा कोणी ठरवलं? मीच. पण तेवढंच सांगितलं तर मी हौसेनं आले असं होतं. पुढचं सांगितलं तर पोरांनी घालवलं असं होतं. दोन्ही नाही. दोन्हीच्या मधलं काही सांगता येतं का ते बघत होते. नाही सापडलं, म्हणून 'मीच' असं म्हटलं."

वर्षभर चौकशीबाई याच थांबण्याच्या मागे होती.

"हे लिहू?" तिनं शेवटी विचारलं.

"थांबले ते लिही. का थांबले तेही लिही. नुसतं पहिलं लिहिणार असशील तर नको."

"बरं."

"आणि त्या टेबलाखालचं काढा आता. जेवताना कसंतरी वाटेल."

मास्तर लगेच खाली वाकले.

दुसरे टेलरआजोबा. ते पलीकडे खिडकीशी बसले होते. प्रबंधाचं पहिलं प्रकरण चौकशीबाईनं मुलाखतीच्या टिपणांवरून त्यांच्यावरच लिहिलं होतं. मितभाषी माणूस, एकेका उत्तराआधी अशी शांतता की गाईडबाईंनीही ते वाचून मान डोलावली होती. तिनं सगळं समजावून सांगितलं, अगदी आजींशी काय बोलणं झालं तेही.

"नको," टेलरआजोबा म्हणाले.

"ऐकून तरी बघता?"

"नको. पुसा."

का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि चौकशीबाईनंही विचारलं नाही. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी लॅपटॉप उघडला, आजोबांची ती दुपार शोधली आणि त्यांना दिसेल असा पडदा फिरवून ती पुसली.

"गेलं?"

"गेलं. त्या दुपारचा माझा भुंगेराही गेला."

"मग तुमचं अडेल का?"

"कशाला? तो आत खातोच आहे अजून," मास्तर म्हणाले.

आधारच पुसला गेला म्हणून गाईडबाईंनी पहिलं प्रकरण काढून टाकायला सांगितलं. मूळ म्हणणंही बदलावं लागणार होतं. थांबणं म्हणजे लपवणं असं धरून तिनं जे लिहिलं, ते उभं राहत नव्हतं. आता प्रत्येकाला त्याचं थांबणं ऐकवून, ते का, हे विचारायचं. प्रबंध या वर्षी होत नाही, एवढं नक्की झालं. घरी तिनं हे सांगितलं तेव्हा दादा पेपरमागून म्हणाला, "म्हणजे अजून एक वर्ष चौकशी." वहिनीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि नणंदेच्या ताटात वाढलं.

"या वेळी पंख्याची घरघर राहू दे," चौकशीबाई म्हणाली.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "मी शिकवते तुला, त्यातूनच कसं ऐकायचं ते. साफ करणार नाही."

पुढच्या सोमवारी चौकशीबाई पुन्हा त्या हॉलमध्ये गेली. टेबलाखाली आता काही नव्हतं. समोर ऑपरेटरआजींची मैत्रीण बसली होती, आपण काय बोललो होतो ते ऐकायला उत्सुक. चौकशीबाई रेकॉर्डर लावणार एवढ्यात टेलरआजोबा खुर्ची ओढत आले.

"मी काही सांगणार नाही," ते म्हणाले.

"नका सांगू."

"नुसता बसतो."

"बसा. पण इथं बसलात आणि चुकून बोललात, तर तुमचा आवाज यात येईल. आधीच सांगून ठेवते."

आजोबांनी रेकॉर्डरकडे पाहिलं. मग खुर्ची हातभर मागे घेतली आणि बसले. तिनं पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि तिनं बटण दाबलं.