घरपट्टीतला अर्धा वाटा

दिवाळं निघालं तेव्हा अनंतराव टिपणीस रडले नाहीत. कोर्टाने नवरा-बायकोला वेगळं राहायची मुभा दिली तेव्हाही नाहीत. पण मुलुंड मुंबईत गेलं, महापालिकेने जुनी दप्तरं नीट लावली आणि घरपट्टीचं बिल ‘श्रीमती मृणालिनी टिपणीस’ या नावाने आलं, तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले. मृणालिनीबाईंनी ते पाहिलं आणि तव्यावरची पोळी उलटली.

घर पहिल्यापासून बाईंच्याच नावावर होतं. धंद्यात पडणाऱ्या माणसाने घर बायकोच्या नावावर करून टाकावं, असा सल्ला एका वकिलाने दिला होता. अनंतरावांनी आयुष्यात मानलेला हा एकमेव शहाणा सल्ला. पुढे मात्र ते सगळ्यांना सांगत की घर बायकोला प्रेमाने दिलं. मग त्यांनी कांजूरमार्गला शाईचा कारखाना काढला. शाई गडद निळी होती, निबातून सुरेख उतरत असे आणि महिन्याभरात कागदावरून नाहीशी होत असे. अनंतरावांना पैसे देणारे लोक सावध होते. त्यांनी आपले हिशेब पेन्सिलीने लिहून ठेवले. नादारी जाहीर झाली तेव्हा कोर्टाचा रिसीव्हर येऊन कारखान्यातली पिंपं घेऊन गेला. घराचे कागद बघून मात्र त्याने नाक मुरडलं आणि तो हात हलवत परत गेला.

वेगळं राहणं म्हणजे अनंतराव पुढच्या खोलीत आणि बाई मागच्या दोन खोल्यांत. दिवाळीपर्यंत दादरला भावाकडे जातो, असं अनंतरावांनी न्यायाधीशांसमोर कबूल केलं होतं. कुठल्या दिवाळीपर्यंत, हे न्यायाधीशांनी विचारलं नव्हतं. घर चालायचं ते बाईंच्या शाळेतल्या पगारावर. निकालानंतर बाईंनी एकच चैन केली. लग्नात नाव घेण्यासाठी ज्या बाईची तासभर मनधरणी करावी लागली होती, ती आता नवऱ्याला सरळ ‘अनंतराव’ म्हणू लागली.

“अर्धं बिल मी भरतो,” अनंतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

“कशातनं?”

“ते मी बघतो ना. तू फक्त महापालिकेला एक चिठ्ठी लिहून दे. घर दोघांचं आहे, बिलावर दोघांची नावं घाला म्हणून.”

“घर दोघांचं नाही.”

“अगं, कागदावर नसेल. पण नैतिकदृष्ट्या?”

“नैतिकदृष्ट्या तुमचा अर्धा भाग रिसीव्हर उद्याच लिलावात काढेल, अनंतराव. मग मी शाळेतनं आले की कुणाच्या तरी अंगणातनं माझ्या मोरीत जायचं का?”

“तू प्रत्येक गोष्टीत व्यवहार आणतेस,” अनंतराव दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

नावाचा हा हव्यास घरासाठी नव्हता. अनंतराव आमच्या भागातल्या करदाते संघाचे नऊ वर्षं अध्यक्ष होते. सगळं गेलं, पण अध्यक्षपद राहिलं होतं. गटारांवर, दिव्यांवर आणि वाढीव पट्टीवर ते इतक्या पोटतिडकीने बोलत की यांनी स्वतः पट्टी कधी भरली, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नसे. भरत होत्या बाई. पण जुन्या नगरपालिकेचा कारकून सवयीने पावती अनंतरावांच्या नावाने फाडत असे. आणि संघाचा नियम असा, की ज्याच्या नावाने पावती निघते तोच अध्यक्ष होऊ शकतो. हा नियम खुद्द अनंतरावांनी केला होता, एका भाड्याने राहणाऱ्या मास्तरला निवडणुकीतून उडवण्यासाठी.

रविवारी वार्षिक सभा होती. शनिवारी संध्याकाळी संघाचे चिटणीस मधुकरराव प्रधान मागच्या दाराने आले. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड शाईत गेला होता. त्यानंतर त्यांनी अनंतरावांना रस्त्यात ओळखही दाखवली नव्हती. आज त्यांच्या हातात पेढे होते.

“वहिनी, चिठ्ठी नसली तरी चालेल,” मधुकरराव म्हणाले. “अनंतरावांनी सभेत फक्त एवढं सांगायचं, की घरात त्यांचा अर्धा वाटा आहे, तुमचं नाव आपलं नावापुरतं. मी इतिवृत्तात घेतो. माणसाचा मान राहतो हो.”

“तुम्हाला त्यांच्या मानाची एकदम काळजी?”

“शेजारधर्म.”

“आणि ते इतिवृत्त कुठे कुठे जातं?”

मधुकररावांनी खोकून घेतलं. “त्याची एक नक्कल काढता येते,” ते म्हणाले.

बाईंनी पेढ्यांचा पुडा त्यांच्याच हातात परत दिला. मग पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी ती नक्कल रिसीव्हरच्या हातात पडली की घराचं काय होईल, हे अनंतरावांना सगळं समजावून सांगितलं. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगतात तितक्या सावकाश. अनंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मधुकर माझ्या बाजूने आहे?”

रविवारी शाळेचा हॉल भरला. पहिल्या रांगेत अनंतरावांना पैसे दिलेले सगळे सभासद ओळीने बसले होते. त्यांच्या चेहऱ्यांवर इतकी माया होती, की अनोळखी माणसाला वाटावं इथे मुंज आहे. त्यांनी वर्गणी काढून हारही आणला होता. बाई यंदा प्रथमच आल्या होत्या. बिल त्यांच्या नावाचं म्हणून सभेचं बोलावणंही त्यांच्याच नावाने आलं होतं. त्या मागे, बायकांच्या बाकावर बसल्या.

मधुकररावांनी नियम वाचला आणि पेनचं टोपण काढलं. “अनंतराव, औपचारिकता आहे. राहत्या घरात आपला वाटा आहे ना? एक वाक्य सांगा, लिहून घेतो.”

अनंतराव उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली. “बंधूंनो, ज्या घरात मी पंधरा वर्षं…”

“एक दुरुस्ती आहे,” मृणालिनीबाई मागून म्हणाल्या. “हे माझे भाडेकरू आहेत.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“वहिनी, नवरा भाडेकरू कसा असेल?” मधुकररावांनी विचारलं.

“कोर्टाने वेगळा काढून दिलेला असला की असतो. पुढची खोली आणि ओटी. भाडं निकालापासून थकलंय.”

“भाड्याची पावती आहे?”

“भाडं मिळालं की देईन पावती. तुम्हीही पैसे परत मिळाल्यावरच पावती देणार होतात ना?”

पहिली रांग अस्वस्थ झाली. बाई अनंतरावांकडे वळल्या. “सांगा ना, अनंतराव. मालक की भाडेकरू? मालक असाल तर हे पुढे बसलेले सगळे तुमच्याबरोबर घरी येतील. जेवायला नाही.”

अनंतरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मधुकररावांचं पेन कागदाला टेकलं होतं. एक जण पुढे सरकून कानामागे हात धरून बसला होता. आजवर ज्या माणसाने बेरीज कधी पुरी केली नव्हती, त्याने त्या क्षणी ती केली.

“भाडेकरू,” ते म्हणाले.

“मोठ्याने सांगा. इतिवृत्तात यायला हवं.”

“भाडेकरू.”

ते इतिवृत्तात आलं. हार वाया जाऊ नये म्हणून मधुकरराव अध्यक्ष झाले. पुढच्या विषयाला गटार होतं, पण पहिली रांग त्यासाठी थांबली नाही.

घर वाचलं. दिवाळी झाली की पुढची खोली शिवणाच्या वर्गाला द्यायची, असं बाईंनी परत येताना ठरवलं. पडद्याचं कापडसुद्धा त्यांच्या मनात नक्की झालं.

सोमवारी सकाळी अनंतराव स्वयंपाकघराच्या दारात आले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. हातात नोटा होत्या. कुणाकडून उसन्या आणल्या, हे बाईंनी विचारलं नाही.

“थकलेलं भाडं,” अनंतराव म्हणाले. “चालू महिन्याचं धरून.”

बाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. लग्न झाल्यापासून या माणसाने एकही देणं वेळेवर दिलं नव्हतं.

“दादरला कधी जाताय?”

“आता कशाला? काल त्या भाड्याने राहणाऱ्या मास्तरांनी समजावलं मला. भाडेनियंत्रणाचा कायदा आहे ना. वेळच्या वेळी भाडं देणाऱ्याला मालक काढू शकत नाही. मी भाडेकरू आहे याला तर अख्खा हॉल साक्षीला आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर जुनं अध्यक्षीय तेज परत आलं होतं. “आम्ही भाडेकरूंचा संघ काढतोय. मास्तर चिटणीस. अध्यक्ष कोण, ते तू ओळखलं असशीलच.”

बाई नोटांकडे बघत राहिल्या. पैसे नाकारले तर हा भाडेकरू नाही. भाडेकरू नाही तर कोण, हे विचारायला मधुकरराव पुन्हा पेढे घेऊन येतील. नवऱ्यापासून सुटायला एक कोर्ट होतं. तिथे दोन वर्षं चपला झिजवून त्या सुटल्या होत्या. आणि काल सगळ्या मुलुंडासमोर, स्वतःच्या तोंडाने, त्यांनी त्याच माणसाला कायमचा ठेवून घेतला होता.

त्यांनी हात धुतले आणि पावती लिहिली. भाडेकरू, श्री. अनंत टिपणीस. पुढची खोली आणि ओटी.

अनंतरावांनी ती दोनदा वाचली. आपलं नाव छान वळणदार आलं आहे, असं म्हणाले. मग घडी करून खिशात ठेवली आणि जाता जाता दारात थांबले.

“पुढच्या खोलीची दोन कौलं फुटली आहेत. मालकिणीने लक्ष घालायला हवं.”

“तक्रार लेखी द्या,” मृणालिनीबाई म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली.