माळ्यावरची पेटी

बडनेऱ्याजवळचं ते मिशनचं बालगृह अकरा वर्षं बंद होतं. कौलं फुटलेली, अंगणात गाजरगवत माजलेलं. वसईकडून नव्यानं आलेल्या फादर इनास यांनी ते पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं आणि इथं वाढलेल्या मुलींना मदतीला बोलावलं. दीक्षा तायडे दर रविवारी येऊ लागली. नांदगाव पेठेच्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर होती, त्यामुळे पडदे आणि उशांचे अभ्रे आपसूकच तिच्याकडे आले.

ती सहा वर्षांची असताना बाप वारला आणि आईनं, चतुराबाईनं, तिला इथं आणून सोडलं. दहावी होईपर्यंत आई एकदाही तिच्या नजरेस पडली नाही. पुढं कधीतरी आई म्हणाली होती, "मी येत होती व." दीक्षानं तिला तोंडावर खोटारडी म्हटलं. तेव्हापासून ती अकोल्याला आईकडं वर्षातून एकदा जायची, तासभर बसायची, निघायची.

त्या रविवारी फादरांनी जुन्या अधीक्षिकेच्या खोलीतल्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली दिली. आत सुतळीनं बांधलेली गाठोडी होती. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर मुलीचं नाव, तारीख, आणि खाली एकच ओळ : 'आईस भेटू दिले नाही. भेटीनंतर मूल रडते.'

"हे काय आहे?" फादर म्हणाले.

दीक्षा चिठ्ठ्या वाचत गेली. दीक्षा बुधाजी तायडे. पुन्हा दीक्षा बुधाजी तायडे. अशी नऊ गाठोडी निघाली. प्रत्येकात हातानं शिवलेला एकेक फ्रॉक. कापड तिनं लगेच ओळखलं. आईची जांभळ्या काठाची लुगडी होती ती. तिनं फ्रॉक जमिनीवर ओळीनं मांडले. दरसाल दोन बोटं उंची वाढवलेली, खांदा थोडा रुंद केलेला.

तिला रडू येईना.

"मले अकोल्याले जायचं आहे," ती म्हणाली. "आत्ताच."

फादर सोबत निघाले. गाडीत दीक्षानं फ्रॉकची पिशवी मांडीवर धरली.

चतुराबाई ओट्यावर तूर पाखडत होती. लेकीनं पिशवी तिच्यापुढं ओतली. म्हातारीचा हात सुपावर तसाच थांबला.

"माय, तू आली होती."

"सांगितलं होतं ना तुले."

"फाटकावर भांडली काहून नाही?"

"भांडली असती तर तुले बाहेर काढतो म्हणे तिथली मोठी बाई. मंग तुले खाऊ काय घातलं असतं मी?"

फादर हात जोडून पुढं झाले. "मावशी, आमच्या लोकांनी हे केलं. मी माफी मागतो."

चतुराबाईनं सूप बाजूला ठेवलं. "नवीन पोरी येनार हायेत ना तिथं? त्याइच्या मायाइले आत घेसान?"

"घेईन. कधीही येऊ देत."

तिनं मान हलवली आणि सगळ्यात मोठा फ्रॉक उचलून दीक्षाच्या अंगाला लावला. "हा बसला असता का तुले?"

दीक्षाच्या नजरेला माप कळत होतं. "नाही माय. आखूड झाला असता."

"मले कुठं माहीत होतं," म्हातारी म्हणाली, "तू किती वाढली ते."

तेव्हा कुठं दीक्षाचा बांध फुटला. ती ओट्यावरच आईच्या मांडीवर कोसळली आणि फादर पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभे राहिले.