तयार अंगरखा

देवळातून परतताना आपल्या गल्लीत आजारी कोण आहे, याची चौकशी तुम्ही कधी करता का? पांडुकाका करतो. म्हणून आम्ही भजनी मंडळानं त्याच्या हातून विठ्ठलाचा अंगरखा काढून घेतला.

कुवेंपुनगरातल्या त्याच्या दुकानात सकाळचं ऊन आधी शिलाई मशीनच्या चाकावर उतरतं, मग खडूनं पांढरट झालेल्या बोटांवर. चाळीस वर्षं कार्तिकी एकादशीला देव त्याच बोटांचे टाके ल्यायला. उपवास धरून, माप न घेता, नुसत्या नजरेनं बेतलेले.

गेल्या उन्हाळ्यात काकी अंथरुणाला खिळली. भजनात काकाच्या शेजारी बसून टाळ कुटणारे आम्ही फोनवर हळहळलो. दाराशी आली ती बोगादीच्या एका पत्र्याच्या खोलीत रविवारी प्रार्थनेला जमणारी सहा-सात पोरं, कडकोळच्या कारखान्यांत राबणारी, ख्रिस्ताला मानू लागून दोन वर्षंही न झालेली. त्यांच्यातली एक मुलगी गणवेश अल्टर करायला काकाकडे आली होती, एवढीच ओळख. आळीपाळीनं त्यांनी काकीला गंजी, तांदळाची पातळ पेज, भरवली, चादरी धुतल्या, आणि देव बदला असं चुकूनही म्हटलं नाही.

काकी उठली. त्यानंतरच्या एकादशीला गळ्यातली तुळशीची माळ सावरत काका भजन संपताच प्रसादाचा द्रोण घेऊन आजाऱ्यांच्या घरी निघाला. ठिणगी त्या पोरांची होती, पण पेटला तो त्याचा स्वतःचाच दिवा.

“काय रे पांडू, बाटलास काय?” मंडळाच्या अध्यक्षांनी भर सभामंडपात विचारलं.

“बाटलो नाही, अण्णा. लाज वाटली.”

“लाज? सुम्ने, मुकाट कपडे शिव की! पाद्री कशाला होतोस?”

हशा पिकला. मी खाली बघून टाळ पिशवीत भरत राहिलो, त्याची चीड आजही येते.

कार्तिकीला बेंगळुरूहून तयार अंगरखा आला. तो देवाच्या खांद्यावरून सारखा घसरत होता. शेवटी पुजाऱ्यांनी टाचण्या मारल्या. देवाला टाचण्या टोचणारे आम्ही सोवळे, आणि बाटलेला कोण, तर पांडुकाका!

काकाची नजर अधू होत चालली आहे. ती विझली की त्या मूर्तीचं माप कुठल्याच वहीत सापडणार नाही. येत्या कार्तिकीआधी रेशमी कापड घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढा. आणि वाटेत कुणाचं आजारपण असेल, तर आधी त्या दारात थांबा; अंगरख्याला थोडा उशीर झाला तरी काका रागावणार नाही.