मापाड्याचा काटा आणि कुत्र्याचं शेपूट

"खोरी-कुदळी झाल्या, आता कुत्र्याचं बोला," असं थोरला म्हणाला आणि धाकट्याच्या बायकोनं हातातलं घमेलं धाडकन खाली टाकलं.

दोघा भावांची वाटणी चालली होती. सगळी आळी त्यांच्या अंगणात जमली होती, मीही त्यातच. फुकटचा तमाशा कोण सोडतो? थोरल्याला घर आणि गाई गेल्या, धाकट्याला खडकाळ तुकडा, त्यावरची झोपडी आणि मेंढरं. मेंढरांमागं कुत्रा जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. डोंगराकडून लांडगे येत होते आणि कुत्र्याशिवाय कळप काही टिकणार नव्हता. कळप गेला की धाकट्यानं काय, खडक चघळायचे? थोरल्याला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच त्याला कुत्रा हवा होता. एरवी तो त्याला जाता-येता लाथ घालायचा.

"दादा, तुला कशाला रे कुत्रा?" धाकटा काकुळतीला आला. "गाई काय लांडगा उचलून नेतोय?"

"दाराशी असावा. शोभा येते."

"मग तुम्हीच बसा की दाराशी," धाकट्याची बायको म्हणाली. "आहे ती शोभा काय कमी आहे?"

निवाड्याला मापाडी बसला होता. बाजारात धान्य तोलण्यात त्याचा जन्म गेला. काटा वर चढला की माल भारी, खाली आला की हलका, एवढं एकच ज्ञान त्याच्याकडं होतं आणि त्यावर तो सगळं जग तोलायचा. गावातली भांडणं, पोरांची अक्कल, दुखणाईताची नाडी, काही सुटलं नव्हतं.

"सोपं आहे," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला. "मुका जीव खोटं बोलत नाही. एकेकानं पुढं व्हा. ज्याला बघून शेपटाचा काटा वर जाईल, कुत्रा त्याचा."

आधी धाकटा गेला. त्याला बघताच कुत्र्यानं कान मागं पाडले, अंग सैल सोडलं आणि शेपूट खाली ठेवून असं काही झुलवलं की मागचं सगळं धूड त्याच्याबरोबर डुलायला लागलं. अंगणातली धूळ झाडून निघाली.

"काटा खाली," मापाडी म्हणाला. "माल हलका. आणि अंग कसं चोरतोय बघा. मारत असशील तू त्याला."

मग थोरला छाती काढून पुढं झाला. कुत्रा जागच्या जागी थिजला. पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट काठीसारखं ताठ वर गेलं आणि त्याचं नुसतं टोक थरथरायला लागलं.

"अरे वा! काटा थेट वर! आणि हलतोय पण!"

"मापाडीकाका, अहो ते प्रेमाचं शेपूट नव्हे!" धाकट्याची बायको ओरडली. "लांडगा दिसला की असंच करतो तो. दादा, मागं व्हा!"

"बाई, काटा मी वाचायचा की तू? शेपूट हललं म्हणजे कुत्रा खूश. कुत्रा थोरल्याचा."

आळीनं माना डोलावल्या. आमच्या आळीला मान डोलवायला कारण लागत नाही.

थोरल्यानं पट्ट्याला हात घातला आणि कुत्र्यानं त्या हाताला दात घातले. थोरला असा बोंबलला की झाडावरचे कावळे उडाले.

"जिव्हाळा आहे," मापाडी ओट्यावर चढत म्हणाला. "जरा जास्तच आहे."

एवढं होऊनही निकाल तो निकाल. कुत्र्याला थोरल्याच्या दाराशी बांधायला शेवटी धाकट्यालाच जावं लागलं. परत येताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या तोंडात शिव्या.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लांडग्यानं गाभण मेंढी ओढून नेली. इकडं थोरल्याची शोभाही चांगलीच वाढली होती. कुत्रा दारात उभा, शेपूट ताठ, आणि गोठ्याची वाट त्याच दारावरून. गाई आत हंबरत होत्या आणि घरधनी हाताला फडकं बांधून मागच्या भिंतीवरून चढ-उतर करत होता. सोडायला जवळ जायची कुणाची छाती होईना. थोरला मापाड्याकडं गेला.

"निकाल फिरवा!"

"एकदा तोललेला माल मी परत तोलत नाही."

शेवटी थोरली जाऊच धाकटीच्या दारात आली. "चल गं बाई. माझ्या गाईंच्या कासा फुटायची वेळ आली."

धाकटी आली. तिला बघताच ताठ शेपूट खाली आलं आणि कुत्रा शेपटासकट कमरेतून डुलायला लागला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि दावं सोडलं.

थोरला भिंतीवर बसूनच बोलला, "कुत्रा माझाच आहे हां! तुमच्याकडं नुसता राहील."

"तुमचाच, दादा," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी घेऊन येत जाईन, तुम्हाला भेटवायला."

"नको, नको!"

कळप टिकला, एका मेंढीवर भागलं. मापाडी अजून सांगतो, काटा बरोबर होता. मात्र कुत्रा आळीतून शेपूट ताठ करून येताना दिसला की हे सांगायला तो आधी घरात जातो आणि आतून कडी घालतो.