सहावी गोळी

सदूने सहावी गोळी डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकली आणि बॉलरला हाताने सांगितलं, ये.

बॉल पडला, बॅट हवेत फिरली. डावा खिसा रिकामा म्हणजे ओव्हर संपली. बाकीचे अंपायर बॉल मोजायला खडे वापरतात. सदू गोळ्या वापरायचा. कोलेस्टेरॉल कमी करायच्या, चंदेरी पाकिटातून कात्रीने एकेक कापलेल्या. मागच्या वर्षी छातीत कळ आली, पनवेलला नेऊन स्टेंट टाकली आणि डॉक्टरने रोजची एक गोळी कायमची मागे लावून दिली. जेवण झालं की त्याची बायको नंदा एक कापून हातात द्यायची. सदू तांब्याभर पाणी प्यायचा, दणदणीत ढेकर द्यायचा आणि गोळी जायची खिशात. सहा त्याने अंपायरिंगला ठेवल्या होत्या. बाकीच्या ओढ्याला.

झालं होतं असं, की गोळी सुरू झाली आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. एकाने सांगितलं, ही गोळी स्नायू खाते. शिळफाट्याच्या बाजारात दुसऱ्याने सांगितलं, हृदय म्हणजे पण स्नायूच. सदूचं तिथंच पक्कं झालं. आज पोटरी, उद्या हृदय.

पँट धुताना नंदाने त्या सहाजणी बघितल्या होत्या. पँट वाळल्यावर तिने त्या होत्या तशा परत ठेवल्या, घरात चकार शब्द काढला नाही आणि मुलीला फोन लावला.

मुलगी हर्षला मुंबईला एका प्रयोगशाळेत होती. सहा महिन्यांपूर्वी तिने बापाचं रक्त नेलं होतं, कागदावर सही घेऊन, रीतसर. त्या रक्तापासून तिच्या लोकांनी हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या, आणि त्या पेशी आता काचेच्या बशीत आपल्या आपण धडधडत होत्या. आज एक वाजता त्या पेशी ती व्हिडिओ कॉलवर बापाला दाखवणार होती. फक्त बापाला.

तर गाव विरुद्ध शिळफाटा अशा फायनलची एकच ओव्हर राहिली होती आणि सरपंचांच्या वडापावचा टेंपो बांधावर येऊन लागला. दोन्ही टीमनी मैदान सोडलं. त्याच वेळी फोन वाजला. नंदाच्या फोनची काच फुटलेली. तिने कॉमेंट्री करणाऱ्या लडकूला विचारलं, जरा मोठं दिसंल असं काय करता येतं का. लडकूने त्याला करता येत होतं ते सगळं केलं. पाच मिनिटांत, कापलेल्या भातशेतात, ज्या दहा फुटी पडद्यावर मघाशी चौके-छक्के दिसत होते, त्यावर सदूचं हृदय उघडं पडलं.

दोन बश्या. दोन्हीत करडा पातळ पापुद्रा, आकसतोय, सुटतोय, आकसतोय.

"बाबा, दोन्हीत तुझ्याच पेशी हायेत," हर्षलाचा आवाज दोन भोंग्यांतून भिवपुरीच्या वीजघरापर्यंत गेला. तिला भोंग्यांचा पत्ता नव्हता. "एकीत तुझ्या गोळीचं औषध घातलंय, दुसरीत नाय. कुठली कुठली, ओळख."

लडकूच्या हातात माईक होता, मग तो कसला थांबतोय. डावीचा ठोका, उजवीचा ठोका, काय टायमिंग हाय सदूभाऊंचं, असं सुरू झालं. वडे हातात धरून लोकांनी बाजू घेतल्या. निम्मे डावीचे, निम्मे उजवीचे. ढोलवाले डावीकडून होते, त्यामुळे डावी जोरात होती. खरं तर दोन्ही बश्या अगदी सारख्या उडत होत्या, पण सदूला फरक दिसला. तो अंपायरची टोपी सरळ करून पडद्यासमोर गेला आणि बोट वर केलं.

"डावीत औषध नाय. बघ कशी कडक मारते. उजवी बघ, ढिली पडली हाय. खाल्ली तिला गोळीने."

हर्षला उत्तर द्यायला लागली आणि रेंज गेली.

दोन्ही बश्या आकसलेल्या होत्या तशाच राहिल्या. ढोल थांबला. लडकू माईक हातात असून गप्प बसला, हे गावाने पहिल्यांदा बघितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, सदूभाऊला धरा रं. चौघांनी धरला, आडवा केला. एकाने पाय उचलले, एकाने वड्यासोबतचा कांदा नाकाला लावला, आणि शिळफाट्याच्या कॅप्टनने आदराने त्याची टोपी काढून घेतली. सदूनेही काही विरोध केला नाही. तो पडद्याकडे बघत पडून राहिला.

नंदा आली. गावादेखत तिने कधी नवऱ्याचं बोटसुद्धा धरलं नव्हतं. आता खाली बसून तिने मनगट धरलं आणि ओठ हलवत मोजलं.

"चालू हाय," ती म्हणाली.

"तिकडं बंद हाय गं."

"तिकडं रेंज नाय."

तरी तिने मनगट सोडलं नाही. मिनिटभराने पडदा हलला, बश्या उडायला लागल्या, शिट्ट्या झाल्या, आणि मधल्या वेळात बोलतच राहिलेली हर्षला परत ऐकू आली.

"...म्हणजे चुकलास. डावीतच औषध हाय. दोन बश्यांनी सगळं सिद्ध होत नाय बाबा. पण ह्या पेशी औषधाने खाल्ल्या नायत, हे तर तू पण बघितलंस. पोटऱ्या दुखतात ते डॉक्टरला सांग, तो कमी करंल, बदलून देईल. आपल्या मनाने बंद नाय करायची." मग ती थांबली. "तू घेतोस ना रोज?"

भोंगे खरखरले. सगळं गाव सदूकडे बघायला लागलं.

"मॅच सुरू करायची हाय," सदू उठत म्हणाला. टोपी मागून घेतली, पाण्याच्या पिंपाकडे गेला आणि लोकांकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला. दोन ग्लास पाणी प्याला. या वेळी ढेकर दिला नाही.

शेवटची ओव्हर. गावाला आठ रन हवे होते. पाच बॉलमध्ये सहा रन झाले आणि दोन उरले. सदूने डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्याने ओव्हर संपल्याचं सांगितलं.

शिळफाटेवाले नाचत आत आले. गाव ओरडत आत आलं. लडकू माईकवरून म्हणाला, अंपायरसाहेब, पाचच झाले. झाले सहा, शिळफाटेवाले म्हणाले. मग दोन्हीकडचे एकच मागायला लागले, खडे दाखव.

सदूने उजव्या खिशात हात घातला. आत बोटांनी मोजलं. परत मोजलं. हात काही बाहेर येईना. त्याने बायका बसल्या होत्या त्या मांडवाकडे बघितलं.

नंदा उठली होती. बांधावरून तिने काहीतरी उचललं, पदराला पुसलं, आणि पोरांना बाजूला सारत थेट पिचवर आली. अख्ख्या स्पर्धेत तिथं बाईमाणूस आलं नव्हतं, त्यामुळे सगळे आपोआप गप्प झाले. तिने त्याचा डावा हात उघडून त्यावर एक खडा ठेवला.

"एक राहिला होता," ती गावाला ऐकू जाईल असं म्हणाली. मग हळू, त्याच्यापुरतं, "ह्यो गिळू नका."

सदूने खडा उजव्या खिशात टाकला आणि बॉलरला हाताने सांगितलं, ये.